दोन बोटी, मध्ये जाळं

५ जानेवारी

ताई,

नमस्कार घे, आणि पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं दिसलं तर पोस्टमनवर ओरडू नकोस. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पत्रं आता तिसऱ्या देशाला वळसा घालून जातात आणि वाटेत दोघा-तिघांना ती वाचायची असतात. तुझं लग्न झालं तेव्हा दिवसाला तीन लाँचा होत्या. सकाळी निघालेला माणूस तुझ्याकडे चहा पिऊन संध्याकाळी आईला तुझ्या तक्रारी सांगायला परत यायचा. पाणी अजून तेवढंच आहे. पण आमच्या पाठीशी एक थोरला देश उभा राहिला, तुमच्या पाठीशी दुसरा, आणि त्यांच्या कुस्तीला आखाडा म्हणून आपलं अंगण मिळालं. फोन बंद होऊन चार महिने झाले.

आईचा गुडघा तसाच आहे. तोंड त्याहून बरं आहे.

माझी बातमी अशी की मला काम लागलं. छापखाना बंद झाल्यावर एकोणीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला कोण विचारतो? पण चुका काढणारा डोळा हवाच होता एका ठिकाणी. यंत्राला शिकवायचं काम. कसलं यंत्र, कसली चित्रं, ते कुठे बोलायचं नाही असं लिहून दिलंय, तेव्हा विचारू नकोस. पूर्वी तिथे चपलांचं गोदाम होतं, अजून रबराचा वास येतो. चाळीस खुर्च्या, चाळीस पडदे. समोर चित्र येतं, आपण बटण दाबायचं: हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे शंका, तांबडं म्हणजे धोका. आपण दाबलेलं बघून बघून यंत्र शिकतं. त्याला आम्ही जावई म्हणतो. आम्ही घामाघूम, आणि ह्याला थंड खोली, चोवीस तास सरबराई, वर रुसला की सगळ्यांची धावपळ.

आणि ऐक, तुझ्या भावाने नाव काढलं. एकाच तऱ्हेच्या चित्राला एक जण हिरवं म्हणायचा, दुसरा तांबडं. मला ते बघवेना. मी बसून एक पानाचा नियम लिहिला, अमुक तीन गोष्टी दिसल्या की सरळ तांबडं, वाद नको. आमच्या मॅडमनी तो एक शब्द न बदलता परिपत्रक म्हणून काढला. आता चाळीसही जण माझ्या नियमाने बटण दाबतात.

उत्तर आईच्या नावाने पाठव. पोस्टमनला तेच नाव पाठ आहे.

तुझा भाऊ


२९ जानेवारी

ढापण्या,

चष्म्याचं चीज झालं म्हणायचं. लहानपणी माझ्या वहीत चुका काढायचास, आता यंत्राच्या वहीत काढ. पण एक सांग, ज्या गोष्टींची चित्रं बघतोस त्या कधी प्रत्यक्ष बघितल्यास का? की गोदामात बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय? रागावू नकोस. नियम केलास ते चांगलंच केलंस, तुझ्या जिवाला तेवढंच समाधान.

इकडे सगळे ठीक, म्हणजे रोज ठीक आहेत असं संध्याकाळी कळतं. पहाटे निघालेल्या बोटीचं इंजिन पुन्हा ऐकू येईपर्यंत मी घरात नुसती फिरत असते. तुझे भावोजी हसतात. म्हणतात, तुझ्या पायांना मीटर लावलं तर तू आमच्यापेक्षा जास्त मैल काढशील.

ह्यांचं आणि माझ्या दिरांचं घरात एक मिनिट पटत नाही. मागच्या महिन्यात भिंतीच्या रंगावरून तीन आठवडे अबोला. पण पाण्यावर बघावं दोघांना. दोन बोटी आणि मध्ये एकच जाळं. एक बोट जरा पुढे गेली, जरा जवळ आली, की जाळं मिटलं. म्हणून दोघे अगदी एका वेगाने, एका अंतराने, मैलच्या मैल. तोंडातून शब्द नाही. अबोला चालू असला तरी अंतर हातभर चुकत नाही. माझी जाऊ म्हणते, ह्यांनी संसारही पाण्यावरच करायला हवा होता.

आणि ह्यांची एक चलाखी सांगते. प्रत्येक बोटीवर एक पेटी असते, बोट कुठे आहे ते ती सगळ्यांना सांगत बसते. मासे लागले की हे त्या पेटीच्या दांडीवर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा घालतात. का, तर बाकीच्या बोटींनी वास काढत मागे येऊ नये. सगळेच घालतात. बंदराच्या साहेबालाही माहीत आहे, त्याचा मेहुणाही घालतो.

भीती एकाच गोष्टीची वाटते. तुमच्या बाजूने राखाडी रंगाच्या, माणूस नसलेल्या बोटी यायला लागल्यात. येतात, शंभर हातांवर थांबतात, निरखतात, जातात. माणूस असता तर ओरडून दोन शिव्या तरी देता आल्या असत्या, असं हे म्हणतात. मला मात्र हसू येत नाही. हे परत येणं एवढंच माझं मागणं आहे, बाकी थोरल्यांनी काय ते वाटून घ्यावं.

आईला सांग, तोंड बरं आहे तोवर गुडघ्याची चिंता नाही.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

पत्र कालच मिळालं. आज कामावर गेलो नाही.

नीट वाच आणि मी सांगतो ते कर. कारण विचारू नकोस. भावोजींना म्हणावं, पेटीवर डबा घालू नका. एकदाही नाही. मासे गेले तर जाऊ देत. आणि दोन बोटींमधलं अंतर सारखं ठेवलंच पाहिजे का? थोडं मागेपुढे, थोडं वाकडंतिकडं चालत नाही का? काही दिवस एकेकट्याने गेले तर?

मला कळव: दोघांच्या बोटींचा वरून दिसणारा रंग कोणता. ताडपत्री आहे का, असेल तर कशी. मध्ये साधारण किती अंतर असतं. कोणत्या वारी जातात, बंदरातून निघून कोणत्या बाजूला वळतात. बोटीवर किती माणसं असतात. जेवढं बारीक लिहिता येईल तेवढं लिही.

आईच्या जिवाला घोर लागलाय, तिच्यासाठी विचारतोय. मला इथे एकाला भेटायचं आहे, त्याला भेटण्याआधी हे हातात हवं. वेळ लावू नकोस. रात्रंदिवस डोळ्यांपुढे तुझं पत्र आहे.

मागच्या वेळेसारखं पाल्हाळ लावत नाही. लवकर लिही.

तुझा भाऊ


१२ मार्च

प्रिय भाऊ,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं.

गेल्या आठवड्यात बंदरावर दोन अधिकारी आले होते. सगळ्या घरच्या बायकांना बर्फाच्या कारखान्यात गोळा केलं. म्हणाले, पलीकडचे नातेवाईक हल्ली फार मायेने लिहितात, बोटी किती, रंग कोणता, कधी निघता. म्हणाले, काही पत्रं तर यंत्रच लिहितं, माणसाच्या थाटात. माझ्या मनात आलं, माझ्या भावाचं पत्र यंत्राने लिहिलेलं नाही, कारण माझ्या मागच्या पत्रातल्या दोन चुका त्याने स्वतःच्या पत्राच्या समासात लाल शाईने दुरुस्त करून पाठवल्यात. एवढा खवटपणा यंत्राला जमणार नाही. पण घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. समोरच्या घरातल्या सुताराला परवा चौकशीला नेलं. त्याने मामेभावाला फक्त एवढंच लिहिलं होतं की धक्क्याची दुरुस्ती चालू आहे.

आईच्या जिवाला घोर लागला की आई काय विचारते ते मला माहीत आहे. दोघे जेवतात का, झोपतात का, भांडतात का. ताडपत्रीचा रंग आई विचारत नाही.

तरी तू विचारलंस तर सांगते. दिरांनी समुद्र सोडला. बर्फाच्या कारखान्यात लागले. जोडीने जाळं ओढणं बंद झालं. हे आता एकटेच जातात, किनाऱ्याजवळ गळ टाकतात आणि संध्याकाळी येतात. पेटीवर डबा घालत नाहीत. बोटीचा रंग दर वर्षी बदलतो, तेव्हा त्याला अर्थ नाही.

झालं समाधान? ज्याला भेटायचं त्याला भेट. आईला नमस्कार.

ताई


२ एप्रिल

ताई,

तू रागावलीस ते कळलं. हवी तेवढी रागाव. पण तू दिलेल्या बातमीने मी दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. भावोजी एकटे जातात, दीर जमिनीवर, डबा नाही. बस. मला आणखी काही नको.

एक अर्ज लिहून ठेवला होता, सतरा पानांचा. रोज खिशात घेऊन जायचो, मॅडमच्या दारापर्यंत जायचो आणि पाणी पिऊन परत यायचो. दिला असता तर नोकरी गेली असतीच, पण त्याहून मोठी भानगड झाली असती. काल तुझं पत्र वाचलं आणि तो फाडला. कसला अर्ज ते भेटल्यावर सांगेन.

दुसरी बातमी, मला वरच्या मजल्यावर घेतलं. खाली शिकवणी चालते, वर परीक्षा. तिथे जुनी चित्रं नसतात, आत्ता, ह्या क्षणी जे घडतंय ते दिसतं. जावई आपलं मत सांगतो, आणि शेजारशेजारच्या दोघांनी ते बरोबर की चूक हे वीस सेकंदांत सांगायचं. काम जोखमीचं, पण खोली थंड.

आईने निरोप सांगितलाय: दोघे जेवतात का, झोपतात का, भांडतात का. हे तिने स्वतःहून विचारलं, मी शिकवलेलं नाही.

तुझा भाऊ


२९ एप्रिल

ढापण्या,

हे वाचताना आईला जवळ बसवू नकोस.

एकोणीस तारखेला सकाळी तुमच्या राखाडी बोटी आल्या. चार होत्या. ह्या वेळी शंभर हातांवर थांबल्या नाहीत. दोन बोटींच्या मधून सरळ आत घुसल्या. मध्ये जाळं होतं. एकीच्या पंख्यात जाळं अडकलं, ती तशीच जोरात पुढे गेली आणि दिरांची बोट त्या ओढीने आडवी झाली. लांबून दुसऱ्या बोटीवाल्यांनी बघितलं. दीर पाण्यात दिसले, मग दिसले नाहीत. अजून सापडलेले नाहीत. ह्यांना तुमच्याकडे ओढून नेलं. तुमच्या रेडिओवर पकडलेल्यांची यादी वाचली त्यात ह्यांचं नाव आहे, म्हणजे जिवंत आहेत. हेरगिरीचा आरोप आहे म्हणे. हेर! ज्या माणसाला घरातली चावी सापडत नाही तो.

मी तुला खोटं लिहिलं होतं. दीर समुद्र सोडून कुठेही गेले नव्हते. दोघे रोज जोडीने जात होते, डबाही घालत होते. तुझे प्रश्न वाचून मला वाटलं, तू त्यांच्यातला झालास. माझ्या पाठच्या भावाबद्दल मला असं वाटलं. ह्यांना वाचवायचं म्हणून मी खोटं लिहिलं.

आता तू तिकडे आहेस. तू कोण झालास, काय काम करतोस, मला काही विचारायचं नाही. तुझ्या पायावर डोकं ठेवते, थोरली असून ठेवते. ह्यांना सोडवून आण.

ताई


२ जून

ताई,

हे पत्र एका मालवाहू जहाजाच्या आचाऱ्याच्या हाती देतोय, म्हणून सगळं लिहितो.

आधी भावोजींचं. ते सुटतायत. नऊ जूनला तिसऱ्या देशाचं जहाज दोन्हीकडचे पकडलेले लोक बदलून नेणार आहे, त्या यादीत त्यांचं नाव आहे. मी ती यादी स्वतः वाचली, तीनदा. मार लागलेला नाही. डाव्या हाताची दोन बोटं दोरात सापडून गेली. त्यांना कोठडीतून बाहेर आणलं तेव्हा मी पाच मिनिटं भेटलो. आईने दिलेला स्वेटर दिला. त्यांनी फक्त भावाचं विचारलं. मला सांगता आलं नाही.

आता माझं. मी बोटींची चित्रं बघायचो. माझा तो नियम असा होता: दोन बोटी, मधलं अंतर सारखं, पेटी बंद, सरळ तांबडं. मासे पकडणारे लोक असे शिस्तीत कशाला जातील, असं मला वाटलं. मी मासे फक्त ताटात बघितलेत. तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा कळलं, माझा नियम म्हणजे भावोजींचंच वर्णन. म्हणून ते प्रश्न. तुमच्या बोटी ओळखून मॅडमना दाखवायच्या होत्या, की बघा, हे हेर नव्हेत, माझे भावोजी आहेत. पण नोकरीच्या अर्जात 'पलीकडे कोणी नातेवाईक?' ह्या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. म्हणून तर पत्रं आईच्या नावाने. ते कबूल करायचा धीर होत नव्हता, आणि पत्रात लिहावं तर वाटेत वाचणारे होते. तुझं दुसरं पत्र आलं आणि मला सुटल्यासारखं झालं. धीर करायची गरजच उरली नाही.

इथे थांबलो असतो तर तू मला माफ केलं असतंस. पण आणखी आहे.

एकोणीस तारखेला सकाळी ते चित्र माझ्या पडद्यावर आलं. दोन बोटी, अंतर सारखं, पेटी बंद. जावई म्हणाला तांबडं, शंभरात सत्त्याण्णव. शेजारच्या माणसाने तांबडं दाबलं. वीस सेकंद होते. ताई, मला कळलं होतं. तुझं पत्र वाचलेल्या माणसाला ते कळणारच. बोटींच्या मागे पांढरे पक्षी होते, शेकड्याने. ते जाळ्यामागे येतात, हेरांमागे कशाला येतील? ही मासेमारी आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मनात म्हटलं, भावोजी तर आता एकटेच जातात. म्हणजे ही जोडी दुसऱ्या कुणाची तरी असणार. दुसऱ्या कुणासाठी मी नव्या खोलीत, सगळ्यांसमोर, माझ्याच नियमाविरुद्ध कशाला जाऊ? मी तांबडं दाबलं. तेव्हा आठ सेकंद शिल्लक होते.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बहीण आहे, नियम माझा आहे, नियम चूक आहे. त्या नियमाने तांबडी ठरलेली जुनी चारशे बारा चित्रं पुन्हा काढायला लावली. तीनशे सत्तरमध्ये पक्षी होते. आम्ही चाळीस जणांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं, कारण नियमात पक्षी नव्हते. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? जावयाला बोल लावून काय उपयोग? मॅडमनी चित्रं एकेक करून बघितली. मग म्हणाल्या, "हे तुम्ही फेब्रुवारीत आणलं असतं तर?" त्यांनी चित्रं वर पाठवली, त्यांच्यामुळेच भावोजींवरचा आरोप उतरला. मला अकरा दिवस चौकशीला बसवून ठेवलं, मग घरी पाठवलं. माझं पुढे काय करायचं ते ठरायचंय. आई माझ्याशी बोलत नाही.

तुझ्या दिरांचं मी काय लिहू?

तुझा भाऊ


२३ जून

ढापण्या,

हे आले. दाढी वाढलीय, वजन उतरलंय, पण आले. आल्यावर पहिल्या दिवशी दिरांच्या खोलीच्या दाराशी बसून राहिले. धक्क्यावर नेलं तर पाण्याकडे पाठ करून उभे राहतात. बोट विकायची नाही म्हणतात आणि चालवायचीही नाही म्हणतात. पहाटे मी अजून सवयीने उठते, आणि हे शेजारी झोपलेले दिसतात. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव टांगणीला लावला ते मला मिळालं. त्याचा आनंद व्हायला मी घाबरते, कारण भिंतीपलीकडे माझी जाऊ आहे.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटल्या. तुझ्यावर संतापायला बसते आणि माझं मार्चचं पत्र आडवं येतं. तू खरं लपवलंस, मी खोटं सांगितलं. तुला माफ केलं तर मला स्वतःलाही करावं लागेल, आणि ते मला जमत नाही. तुझं ते एक वाक्य मात्र घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या कुणाची तरी असणार, हे. ती जोडी तशीच निघाली असती, खरंच दुसऱ्या कुणाची, तर आज तू त्या खुर्चीत बसलेला असतास आणि मला आनंदाने पत्र लिहीत असतास. हे तुलाही माहीत आहे, म्हणून तर लिहिलंस. ते लिहिलंस एवढ्यापुरता तू माझा भाऊ आहेस.

जावेला वाचता येत नाही. तुझं पत्र आल्याचं तिला कळलं. काल दुपारी भांडीकुंडी आवरून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "वाच की. भाऊ काय म्हणतोय?" मी वाचायला लागले. भावोजी सुटतायत, तीनदा यादी वाचली, स्वेटर दिला. 'आता माझं' असं आलं, तिथे मी थांबले. म्हटलं, बाकी आईच्या गुडघ्याचं आहे. आणि पत्र मिटलं.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझ्या भावाला माझा नमस्कार लिही. दोघांतला एक तरी त्याने परत आणला. त्याचे उपकार मी विसरणार नाही."

तिने सांगितलं तसा नमस्कार लिहिला आहे. लिहीत असताना ती समोरच बसली होती.

ताई